टोमॅटोची रोपं बाहेर कधी काढावीत, याविषयी माझी शेवटची इच्छा

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने शिंपीण, आता निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. शेजारी राहणाऱ्या माझ्या धाकट्या नणंदेने थोडं आणून पाहिलं, पण तिच्या दडपणाला मी लग्न झाल्यापासून कधी दाद दिलेली नाही.

हे आत्ताच लिहायचं कारण, डॉक्टरांनी हृदयाच्या ऑपरेशनची तारीख दिली आहे आणि ती नेमकी टोमॅटोची रोपं बाहेर लावायच्या दिवसांत आली आहे. मी विचारलं, "थोडं पुढे ढकलता येईल का?" तर म्हणाले, "आजी, टोमॅटो बाजारात मिळतात." अशा माणसाच्या हातात हृदय द्यायचं, तेव्हा निरवानिरव करून ठेवलेली बरी.

१. घर, घरामागची बाग आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या एकुलत्या एका लेकीचं. तिने घर विकलं तरी माझी हरकत नाही. मात्र भिंतीलगतची माती घर घेणाऱ्याच्या हातात देऊन दाखवावी. "मागे थोडी मोकळी जागा आहे" एवढ्यावर भागवू नये.

२. शिलाई मशीन कोपऱ्यावरच्या पडदेवाल्याला द्यावं. मोठी कात्री त्याला अजिबात देऊ नये. तो कापडाच्या कात्रीने कागद कापतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ती लेकीने ठेवावी. तिला शिवता येत नाही, तेव्हा धार शाबूत राहील.

३. फडताळातल्या बिनकपाच्या बश्या टाकून देऊ नयेत. त्या बागेच्या आहेत. आमच्या या थंड गावात वसंतातही रात्री पाणी गोठतं, म्हणून वसंत सुरू झाला की संध्याकाळी मी त्यांत पाणी घालून बागेत जागोजागी ठेवते आणि सकाळी बघते, कुठलं पाणी गोठलं. पायरीखालच्या बशीवर जेव्हा बर्फाची साय धरते, तेव्हा भिंतीजवळच्या बशीत पाणी खुशाल डुलत असतं. बाग तीच, थंडीही तीच, मग असं का? गारठा उतारावरून खाली घरंगळतो आणि पायरीपाशी साचून बसतो, असं माझं मत झालं आहे. पण पाण्याच्या पाइपाजवळची बशी एखाद्या वर्षी गोठते आणि एखाद्या वर्षी गोठत नाही, ते का, हे मला आजतागायत उलगडलेलं नाही. ज्याला बश्या हव्यात त्याने हा प्रश्नही सोबत न्यावा.

४. ट्रंकेत रोपांच्या टोप्या आहेत. गारठा अवचित परतला की रोपांवर घालायला मी त्या उरल्यासुरल्या कापडांतून शिवल्या, आतून अस्तर लावून. राखाडी टोप्या माझ्या यजमानांच्या कोटाच्या आहेत. कोट कापला तेव्हा नणंद म्हणाली होती, "वहिनी, माझ्या भावाचा कोट तू टोमॅटोला घालणार?" ते जिवंत असते तर त्यांनीच काढून दिला असता. आमच्या गल्लीत मला टोपीवाली म्हणतात ते यामुळे. मला राग येत नाही.

५. आता मुख्य गोष्ट. स्वयंपाकघराच्या खिडकीत यंदाची रोपं आहेत. ती बाहेर कधी लावायची यावर या घरात कधीही एकमत झालेलं नाही.

माझी लेक हवामान खात्यात आहे. फोनवर सांगते, "आई, गारठा परत यायची शक्यता सत्तर टक्के."

"मग लावू की नको?"

"ते मी कसं सांगू?"

सगळं शिक्षण इथे येऊन हात वर करतं. पण खोटं बोलत नाही पोरगी, एवढं तिचं मानलं पाहिजे.

नणंदेचं उलट. जरा ऊन पडलं की ती कुंड्या घेऊन अंगणात. "सुरुवात केल्याशिवाय कळतं का काही?" हे तिचं ठरलेलं. कधी तिची रोपं सकाळी काळी पडलेली दिसतात, तर कधी माझी रोपं खिडकीतच असताना तिच्या झाडांना फुलं येतात, आणि मग ती दिवसभर कुंपणापाशी रेंगाळते. तिच्याइतकी उतावीळ बाई मी पाहिली नाही. रांगेत उभं राहावं लागतं म्हणून ती दुकान बदलते.

मला मरणाची भीती वाटते, हे लिहायला मला लाज वाटत नाही. पण यंदा गारठा परततो की नाही ते न बघता जाणं मला मुळीच पटत नाही. म्हणून रोपांची निम्मी वाटणी लेकीला आणि निम्मी नणंदेला. प्रत्येकीने आपल्या बुद्धीप्रमाणे लावावीत. एकीने दुसरीच्या रोपांत नाक खुपसू नये. कोणाचं खरं ठरलं ते मला कळणार नाही, पण दोघींना कळेल.

पुरवणी. वरचं सगळं वकीलबाईंनी आत्ता माझ्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवलं. साक्षीला पोस्टमन आणि औषधवाले आले होते. नणंदेला कोणी बोलावलं नव्हतं, म्हणून ती सगळ्यांच्या आधी हजर होती. पोस्टमनने सही केली. वकीलबाई म्हणाल्या की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, केली तर त्याचा वाटा जातो. त्यांचं वाक्य संपायच्या आत नणंदेने औषधवाल्यांच्या हातून पेन ओढून घेतलं आणि सही ठोकली.

"अहो बाई, तुमची रोपं गेली ना!" वकीलबाई म्हणाल्या.

"गेली तर गेली. मला नकोत वाटण्या." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी, मी खिडकीत रोज पाणी घालीन. लांबट झाली, वाकली, तरी बाहेर काढणार नाही. तू ये आणि तूच लाव. मी थांबते."

ही बाई जन्मात कशासाठी थांबेल का, याचं मला फार वर्षं कुतूहल होतं.

ठिकाण: खिडकीपाशी, रोपांच्या शेजारी.
दिनांक: वकीलबाई खाली घालतील. आज बाहेर ऊन आहे, पण भरवसा नाही.

सही: टोपीवाली
साक्षीदार पहिला: पोस्टमन
साक्षीदार दुसरी: नणंद, वाटा गमावून