पुलावरच्या तक्रारी

३ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज तीन वजनकाटे दुरुस्त केले. एक औषधाच्या दुकानाचा, एक सोनाराचा आणि एक गोदामातला मोठा. दुपारी जरा पडलो. संध्याकाळी तुझ्या वहिनीचे तिघं दोस्त दुकानात येऊन गेले: वेल्डर, दातांच्या डॉक्टरीणबाई आणि ग्रंथपाल.

तिघं एकदम मोठ्या काट्यावर चढले. दोनशे चौदा किलो भरले. वेल्डर म्हणाला की काट्यात खोट आहे. मी म्हटलं, काटा आत्ताच तपासलाय, खोट असलीच तर वर उभी आहे. मग डॉक्टरीणबाईंनी कामाचं सांगितलं. जानेवारीतल्या पुलाच्या शर्यतीत त्यांनी परस्पर माझं नाव घातलंय. चौघांचा गट लागतो आणि चौथी जागा रिकामी आहे.

तुला माहीतच आहे, दहा किलोमीटर, वीस-पंचवीस हजार माणसं, आणि मधला तीन किलोमीटर पूल. तुझी वहिनी या तिघांबरोबर नऊ वेळा धावली. माझं काम ठरलेलं. सुरुवातीला चौघांचे कोरडे कपडे गोळा करायचे, फेरीबोटीने पलीकडे जायचं आणि शेवटच्या रेषेपाशी टॉवेल घेऊन उभं राहायचं. गेल्या जानेवारीत कुणीच धावलं नाही. मी नाही म्हटलं. फॉर्म गेलाय म्हणतात. माझं वय एकसष्ट आणि गुडघेही त्याच वयाचे, हे त्यांना सांगून झालं.

तुझा पाय कसा आहे? बल्ब लावायला स्टुलावर चढायची काय गरज होती? घरात उंच माणूस आहे ना. तुझ्याकडे यायचं फार मनात आहे. पण फेरीबोट पलीकडे पोचते तोवर तुमच्या गावची गाडी सुटलेली असते. बघू.

प्लास्टर ओलं करू नकोस. माया आहेच, ती तिकडूनही असू दे.

तुझा,
दादा


१० नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. घरातला उंच माणूस सध्या स्वयंपाक करतो. मीठ घालायला विसरतो आणि आठवलं की दोनदा घालतो. मी पलंगावरून हुकूम सोडते, ते 'हो हो' म्हणतात आणि मनाला येईल ते करतात. तीस वर्षं मी जे केलं त्याची परतफेड चालली आहे.

आता दादा, सरळ लिहिते. राग आला तर इथे येऊन रागव. फोनवर तू नुसतं हं हं करतोस, म्हणून लिहावं लागतं.

फेरीबोट उशिरा पोचते, हे तू मला पाचव्यांदा कळवलंस. पुलावरून दर अर्ध्या तासाला बस आहे, हे एकदाही नाही. वहिनीला घेऊन तू पुलापलीकडच्या दवाखान्यात गेलास आणि आठ दिवसांनी त्याच पुलावरून तिची पिशवी घेऊन एकटा परत आलास. त्यानंतर चौदा महिने झाले, तू पूल ओलांडला नाहीस. पलीकडची गिऱ्हाइकं तोडलीस. माझा पाय मोडला तरी आला नाहीस. मी पुलाच्या पलीकडे राहते, हा काय माझा अपराध?

ती गेली आणि तू एकटा पडलास, हे मला कळतं. पण मला एकच भाऊ आहे आणि तोही पाण्याच्या त्या बाजूला अडकून बसलाय, हे तुलाही कळू दे.

त्या तिघांचं ऐक. धाव, चाल, रांग, काय वाटेल ते कर. पण ये. 'हे' तुला नमस्कार सांगतात आणि मीठ किती घालायचं ते विचारतात. तुझ्याकडे काटे आहेत ना, ग्रॅममध्ये कळव.

रागावलास तरी माझा राहा.

तुझी,
ठकू


५ डिसेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मीठ चौघांच्या भाजीला साधारण आठ ग्रॅम. आधी निम्मं घालून चव बघायला सांग.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला वेळ लागला. रागावलो नाही. तू लिहिलंस ते खरं आहे, एवढंच लिहितो.

धावायला सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशी दूध केंद्रापर्यंत गेलो आणि तिथल्या बाकावर बसलो. वेल्डर म्हणाला की केंद्रवाल्याने मला पिशवीत घालून घरपोच करावं. आता सात किलोमीटर होतात. या मंडळींचा एक नियम आहे, सगळ्यात हळू असेल त्याच्या पुढे कुणी जायचं नाही. त्यामुळे हल्ली सगळा गट माझ्या चालीने चालतो. परवा एक म्हातारं कुत्रं आमच्या पुढे गेलं. वेल्डरने त्याला हात जोडले. डॉक्टरीणबाई धावतानासुद्धा धापा टाकणाऱ्यांच्या तोंडात बघतात. चौथ्या किलोमीटरला त्यांनी ग्रंथपालांची दाढ किडलेली शोधून काढली. ते आता नाकाने श्वास घेतात.

सराव नदीच्या रस्त्याने असतो. पुलाच्या पायथ्याशी पोचलो की मी बुटाची नाडी बांधायला थांबतो आणि मग सगळे परत फिरतात. काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्यांनी माझ्यासाठी बिननाडीचे बूट बघून ठेवले आहेत.

पुलाचं काय होईल ते मला सांगता येत नाही. बाकी सात किलोमीटर जमतील.

प्लास्टर कधी निघणार ते कळव. तुझी काळजी असतेच, तशी तूही घेत जा.

तुझा,
दादा


१४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

प्लास्टर निघालं. खालून जो पाय निघाला तो माझाच आहे, यावर विश्वास बसत नाही, इतका बारीक झालाय. काठी घेऊन घरातल्या घरात फिरते. डॉक्टरांनी अजून महिनाभर बसचा प्रवास नको म्हटलंय, नाहीतर शेवटच्या रेषेपाशी टॉवेल घेऊन मीच उभी राहिले असते.

तू धावतोस हे ऐकून 'हे' दोन दिवस हसत होते. शाळेत तुझा शंभर मीटरला तिसरा नंबर आला होता, हे मी त्यांना अभिमानाने सांगितलं. तिघंच धावले होते, हे सांगितलं नाही.

दादा, एवढंच ऐक. पुलाशी पोचून पाऊल उचललं नाही तर सरळ घरी जा. मी टोमणा मारणार नाही, शपथ. पण परत फेरीबोटीचं लिहू नकोस. जमलं नाही, असं लिही. मला ते चालेल. भाऊ खोटं कारण सांगतो, तेव्हा तो जास्त लांब गेल्यासारखा वाटतो.

पोटभर झोप. आशीर्वाद देण्याइतकी मी मोठी नाही, पण मनात आहेत ते पाठवते.

तुझी,
ठकू


२१ जानेवारी, रविवार

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

साडेपाचला उठलो. चहा घेतला. सहाला चौघं मैदानावर जमलो. सातला शर्यत सुटली. मी ती एक तास बावन्न मिनिटांत पूर्ण केली. पूर्ण म्हणजे पुलासकट.

आता सविस्तर लिहितो.

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. तिघांनी नेहमीसारखी आपापल्या कोरड्या कपड्यांची गाठोडी माझ्या हातात दिली. मी नेहमीसारखी ती एका पिशवीत भरली, माझंही गाठोडं घातलं, पिशवी हुकाच्या काट्यावर तोलली, चार किलो एकशे वीस ग्रॅम भरली, आणि वेल्डरला म्हटलं की दर वर्षी चामड्याचे बूट कशाला आणतोस. मग पिशवी पाठीला लावली आणि धावायला लागलो. नऊ वर्षांच्या सवयीत कुणाच्याच डोक्यात आलं नाही की ती पलीकडे पोचवणारा माणूस आज शर्यतीत आहे. सामान नेणारी गाडी आमच्या शेजारीच उभी होती.

दुसऱ्या किलोमीटरला डॉक्टरीणबाईंचं लक्ष गेलं. त्यांनी विचारलं की तुमच्या पाठीवर काय आहे. मी म्हटलं, तुमचे कपडे. त्या रस्त्यातच खाली बसल्या. वेल्डर हसून हसून खांबाला टेकला. ग्रंथपाल नाकाने श्वास घ्यायचं विसरले. आमच्या मागून निदान हजार माणसं पुढे गेली असतील. त्यानंतर पिशवी पाळीपाळीने घ्यायचं ठरलं, पण मी दिली नाही. मला ती बरी वाटत होती.

पाचव्या किलोमीटरला पूल आला. मी थांबलो. या वेळी नाडी बांधली नाही, बूट बिननाडीचेच होते. मी म्हटलं की कपडे माझ्याकडे आहेत, तेव्हा मी आपला नेहमीसारखा फेरीबोटीने येतो, तुम्ही व्हा पुढे. कारण अगदी रास्त होतं. ठकू, तू लिहू नकोस म्हणालीस, म्हणून लिहितो की मी ते तोंडाने बोललो.

कुणी आग्रह केला नाही. वेल्डर फक्त म्हणाला की मग चढावरच्या तक्रारी या वर्षी ऐकायला कुणी नाही. मी विचारलं, कसल्या तक्रारी. तेव्हा कळलं. पुलाचा चढ लागला की तुझी वहिनी माझ्याबद्दल तक्रारी सांगायला सुरुवात करायची आणि उतार लागेपर्यंत थांबायची नाही. दर वर्षी नव्या. त्या ऐकत चढ कधी संपायचा ते या तिघांना कळायचं नाही. मी तेव्हा फेरीबोटीत कपडे सांभाळत बसलेला असायचो.

मी म्हटलं, एखादी सांगा. वेल्डर म्हणाला, इथे नाही, त्या पहिल्या दिव्याच्या खांबापाशी.

मी खांबापर्यंत गेलो. तक्रार अशी होती की मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिच्या बापाने पाठवलेला साखरेचा डबा तोलला आणि पाव किलो कमी भरल्याचं तिला सांगितलं. हे खरं आहे. कमीच भरला होता.

दुसऱ्या खांबाला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मी झोपेत घोरतो आणि सकाळी तिच्यावर आळ घेतो. तिसऱ्याला, मी छत्री घेऊन जातो आणि दुसऱ्याची घेऊन येतो. चौथ्याला मी भांडलो. म्हटलं, हे साफ खोटं आहे, मी पंगतीत तिसऱ्यांदा वाढून घेतलेलं नाही. वेल्डर म्हणाला की ती म्हणायचीच, हा कबूल करणार नाही. आजूबाजूची अनोळखी माणसं ऐकत होती. एक बाई तर आमच्या शेजारून हलेचनात. त्या म्हणाल्या, आमच्याकडेही हेच आहे.

मी किती खांब गेलो ते मोजलं नाही. मोजण्याची माझी सवय तुला माहीत आहे.

अगदी मध्यावर, सगळ्यात उंच जागी, ग्रंथपाल आले. ते कमी बोलतात. ते म्हणाले की तिथे पोचल्यावर तिची नऊही वर्षं एकच तक्रार असायची, ती बदलायची नाही. इथून काय दिसतं, हे हा माणूस मला एकदाही विचारत नाही, फक्त टॉवेल देतो.

मी कठड्यापाशी गेलो. दोन्ही काठ दिसत होते. आपल्या बाजूला माझ्या दुकानाचा पत्रा, पलीकडे दवाखाना आणि त्याच्या मागून तुमच्या गावाकडे जाणारा रस्ता. खाली फेरीबोट, काडेपेटीएवढी. मला बराच वेळ लागला. तिघं थांबले. त्यांचा नियमच आहे.

उतारावर पिशवी वेल्डरने घेतली. शेवटच्या रेषेपाशी टॉवेल घेऊन कुणी उभं नव्हतं, म्हणून मीच पिशवी उघडून सगळ्यांना दिले. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा टॉवेल आधी मला पुसायला दिला. आमचा गट शेवटून चारशेवा आला. वेल्डर ते सगळ्यांना 'चारशेवा' एवढंच सांगतोय.

गुरुवारी सकाळच्या गाडीने येतो. पुलावरून. 'ह्यांना' सांग, मिठाला हात लावू नका, मी आल्यावर घालतो.

पायाला जप. तू सरळ लिहितेस तशीच लिहीत जा.

तुझा,
दादा

ता. क. एक राहिलं. शर्यत संपल्यावर तिघांना त्यांच्या घरची माणसं गाडीतून न्यायला आली होती. मलाही बस म्हणाले. मी नको म्हटलं आणि पुलावरून चालत परत आलो. गर्दी ओसरली होती. कामगार दोऱ्या सोडत होते, कागदी पेले झाडून गोळा करत होते. मध्यावर पोचल्यावर भूक लागली. खिशात शर्यतीवाल्यांनी दिलेलं केळं होतं. कठड्याला टेकून ते सावकाश खाल्लं, साल कागदात गुंडाळून पुढच्या डब्यात टाकली आणि घरी आलो.