कॉलरमधला लाल दोरा

तेजू,

तुझ्या त्या चिनी फुटबॉल क्लबला टाळं लागलं आणि त्याच्या इतिहासाच्या प्रदर्शनात तू मी दिलेली जर्सी मांडलीस. ‘पहिल्या विजेतेपदाची. सुजितदादाची भेट,’ अशी पाटीसुद्धा लावलीस.

ती अस्सल नव्हती गं. कॅम्प एक वस्तीतल्या आमच्या शिवणकामाच्या कारखान्यात मीच शिवली. तू चीनला नोकरीला निघालीस तेव्हा ‘पहिल्या विजेतेपदाची, अस्सल’ म्हणून नुसती फेकाफेक केली.

नव्या डिझाइनच्या पहिल्या पीसला आम्ही कॉलरच्या आत लाल दोऱ्याचा टाका घालतो. तुझ्या जर्सीतही तो होता. लहानपणी बाबांना तो दोरा तूच ओवून द्यायचीस.

आज तुझा फोटो मोठा करून पाहिला. कॉलरच्या आत दोरा नाही, नुसती सुईची भोकं आहेत.

कधी उसवलास, हे विचारायला तोंड नाही. म्हणून हे पत्र खिशातच राहील.

तुझा,
पाटीवरचा दादा