मामांनी आणलेला लॅपटॉपचा स्टँड

गुरुवार, संध्याकाळ. लातूर.

मामा चहा न घेताच गेले. दुपारपासून तेच डोक्यात आहे.

आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांसाठी लॅपटॉपचे वीस लाकडी स्टँड हवेत, स्वस्तातले. काम मीच मामांना दिलं. शिरूर अनंतपाळला त्यांनी जन्मभर दारं-चौकटी केल्या, म्हटलं हे त्यांना सोपं जाईल. आज नमुना घेऊन आले. रंधा सुरेख फिरवलेला, कडा गुळगुळीत. पण लॅपटॉप ठेवून टाइप करायला लागले तर सगळंच हलतंय. आणि पुढची पट्टी, जिच्यावर लॅपटॉप टेकतो, ती नुसती चिकटवलेली. अंगठ्याने दाबली तर हातातच आली.

"स्वस्तात असंच व्हतंय, माय," मामा म्हणाले.

"लाकूड हलकं चालंल, मामा. पण एखाद्या पोराचा लॅपटॉप खाली पडला तर दुसरा कोण देणार त्याला?"

त्यांनी स्टँड काखेत मारला. पट्टी खिशात घातली आणि निघाले.

मी फार तोडून बोलले का? घरचा माणूस म्हणून गप्प बसायला हवं होतं? नाही. पट्टी तर निघालीच ना.

काम मामांचंच आहे, दुसऱ्याला देणार नाही. पण असला स्टँड घेणार नाही. रविवारी लॅपटॉप घेऊन मीच शिरूरला जाते. पट्टीला स्क्रू बसेपर्यंत तिथून उठायचं नाही.

आत्ता आईचा फोन आला. "सख्ख्या मामाला परत पाठवलंस?"

"स्टँड परत पाठवलाय, मामाला न्हाई. रविवारी जाते मी त्यांच्याकडं."

मग आई म्हणाली, "थांब, म्या बी येते."