भावकीतला छोटा होला

२ जानेवारी
सकाळी गच्चीवर जोरदार मारामारी. आई पुण्य म्हणून पाखरांना रोज ज्वारी टाकते. पठाणी होल्यानं छोट्या होल्याला पंखांनी असं झोडपलं की पिसं उडाली, रक्त आलं. मी खूश. दोघे कबुतरांच्या एकाच कुळातले, पण एक दुसऱ्याच्या दुप्पट. आम्हा भावांसारखंच. मी ब्याण्णव किलो. धाकटा ऋषभ पंचावन्न, तोही रोज तालमीत घाम गाळून. सिद्धांत सुचला: भावकीत मोठा मारतो, म्हणून लहान जातीचं अंग वाढत जातं. बारा तारखेला कॉलेजात यावर माझं प्रेझेंटेशन. जमलं की तासिका तत्त्वावरची मास्तरकी संपली, मी पर्मनंट!

५ जानेवारी, स. ७
दाण्यांच्या ताटलीखाली किचनचा काटा ठेवला, शून्य केला आणि टाकीमागं लपलो. छोटा होला बसला: ९२ ग्रॅम. लगेच पठाणी आला. डोक्यावर चोच मारली, मग धुलाई. आई ओरडली, "वृषभ, हाकल की त्या मेल्याला! लहानग्याचा जीव घेतोय!" सांगितलं, निसर्गात ढवळाढवळ नको. तिला सायन्स कळत नाही.

८ जानेवारी
११८! तीन दिवसांत! उत्क्रांती, आणि तीही माझ्या गच्चीवर! ऋषभ म्हणाला, "अण्णा, ह्याला हजारो पिढ्या लागत्यात." कानाखाली वाजवावीशी वाटली. आपण जैन, म्हणून वाचला.

११ जानेवारी
१४६. फोटोसाठी टाकीवर चढून छोट्याच्या घरट्यात हात घातला. त्यानं डोळ्यावरच पंख हाणला. खाली पडलो. ऋषभ हसला. अहिंसा तात्पुरती स्थगित. हात उगारला. पुढचं नीट आठवत नाही, पाठ मात्र फरशीला लागली होती. माझी तयारी नव्हती, एवढंच. उद्यापासून जोर-बैठका.

१२ जानेवारी, संध्याकाळी
सुजल्या डोळ्यानं 'मोठाच जिंकतो' ही स्लाइड दाखवली. हॉलमध्ये हशा. का, ते कळलं नाही. मग वजनांचा ग्राफ. प्राचार्य पुढं सरकून बसले. तेवढ्यात मीच पहिल्या रांगेत आणून बसवलेली आई कौतुकानं म्हणाली, "वाढणारच की! तू काटा लावून टाकीमागं गेलास की मी त्याच ताटलीत वरनं आणखी ज्वारी टाकायची, रोज जरा जास्तच. लई मार खातंय लेकरू."

पर्मनंटचं कुणी काढलंच नाही. ऋषभनं गाडीवर बसवून घरी आणलं. दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो. आईनं न विचारता माझ्या ताटात एक भाकरी जास्त वाढली.