मेल कुठं मुरत होती

तात्या, तुमचा संशयी स्वभाव माझ्यात उतरलाय असं आई मला लहानपणापासून ऐकवायची आणि मी ते कधी मान्य केलं नाही. मध्यंतरी आमच्या कॉम्प्युटरवर जे रामायण झालं, त्यानंतर मात्र नाही म्हणायची सोय राहिली नाही. तुम्हाला ते सांगायचं तर मेल म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागेल, कारण तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात साधा फोनही आला नव्हता. मेल म्हणजे पत्रच, फक्त ते तारेतून जातं. इथून सोडलं की क्षणात तिथं पोचतं आणि मध्ये कुणाच्या हाती पडत नाही, असं सगळे सांगतात. "मधी कुणाच्या हाती पडत न्हाय, ह्ये तुला कुणी सांगितलं?" असं तुम्ही लगेच विचारलं असतंत.

मी आता बारामतीत माती, पाणी आणि द्राक्षाचं पानदेठ तपासून देणारी लहानशी लॅब चालवते. भागीदारीत. माझी भागीदार म्हणजे हॉस्टेलवरची माझी रूममेट, काटेवाडीची, जिला तुम्ही एकदाच पाहिलंत. तुम्ही मला हॉस्टेलवर सोडायला आला होतात, तिचे वडीलही आले होते, आणि त्यांनी आग्रह करून तुम्हाला गेटसमोरच्या टपरीवर चहा पाजला. चहा पिऊन झाल्यावर तुम्ही मला जिन्याखाली बोलावून हळूच म्हणालात, "काटेवाडीची हाय. म्हंजी वरची. जपून ऱ्हा." कालव्याचं पाणी आधी बारामतीला लागतं आणि उरलं तर आपल्या इंदापूरला येतं, त्यामुळं कालव्याच्या वरच्या अंगाचा कुठलाही माणूस तुमच्या लेखी पाणीचोरच होता, मग ती माझ्याएवढी दोन वेण्या घातलेली मुलगी का असेना. मग तुम्ही पिशवीतून एक पितळी कुलूप काढलंत. माझ्या ट्रंकेला लावायला, खास माझ्यासाठी आणलेलं. तुम्ही मला दिलेली ती पहिली नवी कोरी वस्तू. कुलपाला किल्ल्या दोन होत्या. एक माझ्या हातात ठेवलीत आणि दुसरी तुमच्या करगोट्याला बांधत म्हणालात, "एक माझ्याकडं ऱ्हाऊ दे." त्या बिचारीनं हे सगळं खोलीच्या दारातून पाहिलं होतं. पुढं कितीतरी वर्षं ती मला त्यावरून चिडवायची, की तुझ्या तात्यांचा तुझ्यावर तरी भरवसा हाय का गं?

तुमचा भरवसा तसा कुणावरच नव्हता. आई दूध तापवायला ठेवायची, तर तुम्ही चुलीपाशी येऊन एक थेंब नखावर घेऊन बघायचात, घसरतोय की टिकतोय, म्हणजे दुधात पाणी आहे का. आई म्हणायची, "ह्यांना देव भेटला तरी आदी कुठल्या गावचा म्हणून इचारतील." पण कालव्याचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याच्या नोकरीत ते तुम्हाला उपयोगी पडलं, हेही खरं. एक दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी शाळेत आहे, उन्हाळ्याची सुट्टी आहे, आणि शेवटच्या टोकाच्या लोकांनी ओरड केली आहे की कालव्यातून चारीला पाणी सोडलंय पण आमच्यापर्यंत येत नाही. तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून चारीच्या तोंडाशी नेता. मी माझं शहाणपण पाजळते, "तात्या, जमिनीत मुरलं असंल." तुम्ही सायकल थांबवून माझ्यावर असे डाफरता की माझ्या डोळ्यांत पाणी येतं. "मुरतंय? मुरतंय त्ये बी कुणाच्या तरी रानातच मुरतंय. कुणाच्या, त्ये बघायचं." मग तुम्ही पिशवीतून मूठभर भुसकट काढून पाण्यात टाकता आणि त्याच्याबरोबर काठानं चालू लागता. पाण्याकडं नुसतं बघून काही कळत नाही, भुसकट कुठं वळतंय ते बघायचं असतं. एका ठिकाणी भुसकट गोल फिरून काठाशी गोळा होतं. तिथं पाचटाखाली रबरी नळी सापडते. आणि ते रान त्या माणसाचं निघतं, ज्याच्या घरी आपण सकाळी चहा घेतलेला असतो. परत येताना तुम्ही एवढंच म्हणालात, "चहा पाजणाऱ्याकडं आदी बघावं." हे वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते निघालं नाही.

तर आता मेल. माझी भागीदार सासूच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर जाणार होती. जायच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "कॉम्प्युटर अपडेट मागतोय, मी लावून ठेवलंय, सकाळी हुईल." सकाळी मी कॉम्प्युटर सुरू केला तर सगळं ठाकठीक, पण मेल जाईना आणि येईना. पडद्यावर एक खिडकी उघडून परत परत पासवर्ड मागत होती. टाकला की चुकीचा म्हणायची. द्राक्षाचे दिवस, बागाईतदार फोनवर फोन करत होते, "म्याडम, रिपोर्ट कुटं हाय?" मी कॉम्प्युटर बंद करून पाहिला, इंटरनेटचा डबा बंद-चालू करून पाहिला, बातम्या तर छान उघडत होत्या. माझ्या फोनवरून लॅबच्या पत्त्यावर मेल टाकली, ती काही कॉम्प्युटरवर उतरली नाही. ब्राउझरमधून उघडायला गेले, तिथंही पासवर्ड चुकीचा. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, अपडेटनंतर होतं असं, दोन दिवसांनी येतो. शेवटी भागीदाराला दवाखान्यात फोन लावला आणि विचारलं, पासवर्ड बदललास का? ती म्हणाली, "मी कशाला बदलू? त्योच हाय की." इतक्या सहज म्हणाली की मला ते तयार ठेवलेलं उत्तर वाटलं.

त्यातच खालचे झेरॉक्सवाले चाचा वर आले आणि हसत म्हणाले, "सकाळी तुमच्या पार्टनर जळोचीला दिसल्या. गाळा बगत व्हत्या. नवी लॅब काडताय व्हय?" मी कसंबसं हसले. ते खाली गेले आणि मी खुर्चीत बसून हिशेब मांडू लागले. सासू दवाखान्यात, आणि ही गावाच्या कडेला जळोचीत गाळे बघत हिंडतेय? अपडेट कुणी लावलं? तिनं. माझ्याशिवाय पासवर्ड कुणाला माहीत आहे? तिलाच. म्हणजे आमची सगळी गिऱ्हाइकं आता तिच्याकडं मेल टाकत असणार आणि मी इथं खुळ्यासारखी रिकाम्या खिडकीपुढं बसलेय. पाणी कुठं मुरतंय ते मला स्वच्छ दिसायला लागलं. मग मागचंही सगळं आठवलं. रोज अकराचा चहा तीच करते, कधी मला करू देत नाही. तात्या, मी इतकी वर्षं तिच्या हातचा चहा पितेय, आणि त्या दिवशी मला तो चहासुद्धा संशयास्पद वाटला.

तोंडावर बोलायची माझी हिंमत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून मी तिला लिहून काढलं. तू वरची ती वरचीच, तात्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आजपासून आपली भागीदारी संपली. असं बरंच काही, पुन्हा आठवू नये असं. आणि रागाच्या भरात पाठवण्याचं बटण दाबलं. मेल जात नाही म्हणून भांडणारी मी, भांडण मेलनंच पाठवत होते. अर्थात ती गेली नाही. न गेलेल्या मेल जिथं साठतात त्या कप्प्यात रिपोर्टांच्या रांगेत जाऊन बसली. मला थोडं बरंही वाटलं. म्हटलं, राहू दे तिथंच, विचार करून बघू. मग पुन्हा बागाईतदारांचे फोन सुरू झाले आणि मी ती विसरले.

दुपारी मी पुन्हा पासवर्ड टाकत होते. तात्या, पासवर्ड टाकताना अक्षरं दिसत नाहीत, नुसते काळे ठिपके उमटतात, कुणी मागून वाचू नये म्हणून. तुम्हाला ही सोय फार आवडली असती. त्या ठिपक्यांकडं बघता बघता मला तुमचं भुसकट आठवलं. मी एक कोरं पान उघडलं आणि पासवर्ड त्याच्यावर टाकला, उघड्यावर. पाहते तर इंग्रजीचं एक अक्षर नाही. काना, मात्रा, रफार, नुसता मराठीचा काला. शेतकऱ्यांना खताचे सल्ले मराठीत द्यायचे म्हणून आम्हीच कधीकाळी मराठी कीबोर्ड घालून घेतला होता. अपडेटनं तो आपोआप पुढं आणून ठेवला होता. सकाळपासून मी इंग्रजी समजून मराठी टाकत होते आणि ठिपक्यांखाली ते झाकलं जात होतं. तिला भांडण लिहिताना कीबोर्ड न बदलताच मराठी उमटली होती, पण रागात तेही लक्षात आलं नव्हतं. कुणी काही बदललं नव्हतं. पाणी माझ्याच बोटांखाली मुरत होतं.

मी कीबोर्ड इंग्रजी केला, पासवर्ड टाकला, आणि खिडकी मिटली. मेल येऊ लागल्या. मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळी वाजवली. मग लक्षात आलं की दार उघडलंय, म्हणजे तुंबलेलंही सगळं निघणार. न गेलेल्यांचा कप्पा उघडला तर एकेक रिपोर्ट धडाधड जात होता. मी इंटरनेटची तार उपटली. आत शेवटचे दोन रिपोर्ट राहिले होते. ती मेल त्यांत नव्हती.

थोड्या वेळानं तिचाच फोन. ती म्हणाली, "चालू झालं बघ. माझ्याकडं बी आल्या." रिपोर्टची एक प्रत तिलाही जाते. मी विचारलं, किती आल्या? ती म्हणाली, "सगळ्या." आणि मागून नर्सनं हाक मारली म्हणून फोन ठेवला. तात्या, त्या एका शब्दानं माझी झोप गेली. सगळ्या म्हणजे काय? वाचल्या की नुसत्या आल्या? विचारायचं कोणत्या तोंडानं? ती कामावर परत आली ती नेहमीसारखीच. सासू काठी धरून चालतेय म्हणाली. अकराला चहा केला, माझा कप माझ्यापुढं ठेवला. मी तिच्या चेहऱ्याकडं, तिच्या हाताकडं, कपाकडं चोरून बघत बसले. आधी मला वाटत होतं ती माझ्यापासून काही लपवतेय. आता मला वाटत होतं तिला सगळं माहीत आहे आणि ती मुद्दाम बोलत नाही. संशय तोच, फक्त त्यानं कूस बदलली होती. ती माझ्या आयुष्यातून निघून जाईल या भीतीनं मला जेवण जाईना, हेही खरं.

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी मातीच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावता लावता ती म्हणाली, "जळोचीत गाळा बघितलाय. आपल्या लॅबला. तळमजला हाय, म्होरं गाडी लावाया जागा हाय. म्हातारी माणसं मातीची पोती घिऊन दोन दोन जिनं चढत्यात, मला बघवत न्हाय. त्या दवाखान्यापासनं जवळच हाय, म्हनून तवाच बघून आले. तुला आदी सांगितलं असतं तर तू धा शंका काढल्या असत्यास." तिनं पर्समधून गाळ्याची किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली. "मालकानं दोन दिल्यात. एक तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. अन् परत मेल नको." एवढं बोलून ती नमुन्यांचा ट्रे उचलून आतल्या खोलीत गेली. मी तिथंच बसून रडले, आणि तिनं मला रडू दिलं. अकराचा चहा त्या दिवशी तिनं चार वाजता पुन्हा केला.

हे मी त्याच मेलच्या खिडकीत लिहितेय. वर पत्त्याची जागा कोरी आहे, तुमचा पत्ता मला माहीत नाही आणि माहीत असता तरी बटण दाबायचा धीर आता लवकर होणार नाही. तुमच्या करगोट्याची ती किल्ली आईनं तुम्ही गेल्यावर माझ्याकडं दिली होती. ट्रंक केव्हाच मोडीत गेली, किल्ली अजून आहे. जळोचीची किल्ली मी त्या जुन्या किल्लीच्याच कडीत अडकवली आहे. एक गोष्ट मात्र भागीदाराला सांगितली नाही, तुम्हालाच सांगते. रविवारी भाजी आणायला म्हणून निघाले आणि गाडी तशीच जळोचीला नेली. शटरपुढं कुणी नाही असं बघून किल्ली कुलपात घालून पाहिली.

लागते, तात्या.