झोळीची तार

प्रिय ठमे,

तुझ्या बढतीची बातमी आईने गल्लीभर केली, दूधवाल्यालासुद्धा सोडलं नाही. मी मात्र, खरं सांगू, पेढे आणायलाही उठलो नाही. का ते सांगतो. रागावलीस तरी शेवटपर्यंत वाच.

परसातल्या लिंबोणीला यंदा असं फळ लागलंय की फांद्या जमिनीला टेकल्यात. शेजारीण म्हणाली, काका, गुण आहे तुमच्या हाताला. मी हसलो आणि आत येऊन तोंडावर पाणी मारलं. जन्म रोपवाटिकेत कलमं बांधण्यात गेला माझा, मला कळत नाही का? एवढ्याशा झाडाने एकाएकी इतकं फळावं हे काही चांगलं लक्षण नाही.

लहानपणी तुला दाखवलं होतं बघ. मुळांचं पाणी वर चढतं ते आतल्या लाकडातून, मेलेल्या पेशींच्या नळ्यांमधून. पानांनी केलेलं अन्न खाली मुळांकडे जातं ते सालीच्या आतल्या पदरातून. तिथल्या पेशी जिवंत असतात, चाळणीसारख्या भोकांमधून गोड रस एकमेकींच्या हाती देत राहतात. तू विचारलं होतंस, मेलेल्यांना वर न्यायचं काम आणि जिवंतांना खाली, असं का?  झाडापाशी गेलो की अजून आठवतं.

तुझ्या छकुलीच्या झोळीची तार त्याच सालीत रुतलीय. दोरी तुटेल, पोर पडेल, म्हणून तू मुद्दाम तार बांधलीस. कुठलीही आई तेच करेल. पुढे ती तापात गेली, आणि घर सोडताना तू एवढंच बोललीस, "झोळीला कुणी हात लावायचा नाही." नाही लावला. चादर उन्हाने विरली, खोड जाड होत गेलं, तार आत आत गेली. आता पाणी वर पोचतंय, म्हणून पानं हिरवीगार आहेत. पण त्यांचं अन्न तारेपाशी अडतं आणि सगळं फळांत उतरतं. खाली मुळं उपाशी आहेत. ती मेली की झाड उभ्या उभ्या वाळेल.

तुझी पत्रं येतात. काम छान, तब्येत छान. छकुलीचं नाव एकाही पत्रात नसतं. तुझी मैत्रीण आईला सांगत होती, तू दोन माणसांचं काम एकटी ओढतेस म्हणून. जेवते का ती, असं आईने विचारलं तर तिने विषयच बदलला. बाप आहे गं मी, मला झोप कशी लागावी?

झाड अजून वाचेल. तार कापायची आणि जखमेच्या वरून खाली कोवळ्या काड्यांचे पूल बसवायचे, दोन्ही टोकं सालीखाली सरकवून. रस त्यांतून उतरतो. हे एकट्याचं काम नाही, एकाने काड्या धरायच्या, दुसऱ्याने बांधायच्या. पूर्वी तू धरायचीस, त्याही निम्म्या उलट्या, आणि माझी बोलणी खायचीस. आता सगळ्या उलट्या धरल्यास तरी चकार शब्द काढणार नाही. नवी पालवी फुटायच्या आत ये. पक्कड घासूनपुसून ठेवलीय, पण तू हो म्हटल्याशिवाय मी तार कापणार नाही. चादरीची घडीही तूच कर, माझ्याच्याने नाही व्हायची.

तुझाच,
बाबा