बातम्या देत आहे ह्यूबर्ट टॅन्सली

२ सप्टेंबर १९४०
लंडनचे हवाई हल्ल्यांचे भोंगे मागे टाकून वूस्टरशरच्या या खेड्यात आलो आणि पहिल्यांदा पोटभर झोपलो. आमचं रेडिओ केंद्र लढाईपायी इथल्या एका जुन्या हवेलीत हलवलंय. भोवती प्लमच्या बागाच बागा, फांद्या नुसत्या लगडल्यात. राहायला मिसेस बेडोज या विधवा बाईंकडे. साखरेची टंचाई असूनही त्यांनी कणकेच्या पारीत प्लम भरून ‘पाय’ भाजला. मी नको-नको म्हणत होतो, तर म्हणाल्या, अहो, लंडनची माणसं म्हणजे नुसती हाडं, खा मुकाट्यानं.

५ सप्टेंबर
आज संध्याकाळच्या बातम्या वाचल्या. या उन्हाळ्यापासून नवा नियम आहे, आधी आपलं नाव सांगायचं. उद्या जर्मन उतरले आणि एखादं केंद्र बळकावून खोट्या बातम्या देऊ लागले, तर आमचा आवाज लोकांच्या ओळखीचा हवा. ‘बातम्या देत आहे ह्यूबर्ट टॅन्सली.’ अंगावर काटा आला! इतकी वर्षं बिननावाचा वाचत होतो. जर्मनांच्या कृपेनं नाव मिळालं. प्लिमथला आईनं सगळी गल्ली गोळा केली असणार.

९ सप्टेंबर
बेडोजबाई चहा ओतताना म्हणाल्या, दुपारी काय सुरेख वाचलंत हो. दुपारी मी शेजारच्या बागेत प्लम तोडत होतो. मी हसलो, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्या कानाला नावं ठेवू नका, नवऱ्याच्या पावलांवरून तो किती ढोसून आलाय ते ओळखायची मी.

१२ सप्टेंबर
आता खाटीक पार्जेटरही तेच म्हणतो. वर टोमणा, संध्याकाळी तुमचा आवाज पडतो बुवा, दुपारचे तुम्हीच खरे. दुपारची पाळी माझ्या सहकाऱ्याची, फेरिसची. तो नकला झकास करतो. हा त्याचाच चावटपणा! आमचे साहेब केनिंग यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, असलं काही प्रक्षेपित झालेलं नाही. मग मलाच विचारलं, ही चौकशी कशासाठी? मी बाहेर पडताच त्यांनी दार लावून फोन उचलला.

१४ सप्टेंबर
दुपारी फेरिसच्या शेजारी जाऊन बसलो. त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, स्वतःच्याच आवाजात वाचलं. घरी आलो. बेडोजबाई म्हणाल्या, आज दुपारी तर कालच्यापेक्षा छान वाचलंत.
फेरिस नाही. मग कोण?

१७ सप्टेंबर
आज मी स्वतः ऐकलं. पार्जेटरच्या दुकानातल्या रेडिओवर. माझं नाव, माझा आवाज, नावाआधी मी घेतो तो श्वाससुद्धा. माझ्यापेक्षा ठाम. मी ओरडलो, अहो, मी इथं उभा आहे! बायका मागे सरकल्या. माझा आवाज घोगरा झालाय. थंडीनं असेल.

१८ सप्टेंबर
दुपारी आईला फोन लावला. म्हटलं, आई, मी बोलतोय. ती म्हणाली, कोण रे तू मेल्या? माझा ह्यूबर्ट आत्ता बातम्या वाचतोय, इथं समोर रेडिओवर. संध्याकाळी त्याच्या नावानं घसा फाडणारा तो तूच ना? पोलिसांत तक्रार दिलीय तुझी.
फोनमध्ये तिच्या मागे तो वाचताना ऐकू येत होता. आईनं फोन आपटला.
मी तिथंच रडलो.

१९ सप्टेंबर
पाळी काढून घेतली. तक्रारींचा ढीग — संध्याकाळचा माणूस तोतया आहे. केनिंगनी मला पडद्याआड उभं करून नाव बोलायला लावलं. पलीकडे बेडोजबाई, पार्जेटर. दोघंही म्हणाले, हा तो नव्हे. बाई रडत होत्या, तरी म्हणाल्या.
केनिंगना पटलंय. की आधीपासूनच —

२० सप्टेंबर
खाली पोलीस शिपाई आलेत. बाईंनी रेडिओ मुद्दाम मोठा केलाय. तो वाचतोय — गावात एक तोतया सापडला, त्याला आज —
शिपाई वर आलेत, दारातून विचारतात, नाव काय तुझं. तोंड उघडलं. बाहेर पडला तो आवाज कुणाचा — माझा नाही — शब्दच नाहीत त्याला —
लिहून दाखवतो म्हणून खूण केली. इथंच लिहितो. त्यांनी वाचावं. मी ह्यू